नवा वायफाय डोंगल रात्री चालतो, सकाळी गायब: फॉरमॅट करण्याआधी हे बघा

नमस्कार. तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल. देवगडजवळचं घर, असेम्बल केलेला जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज १०. मदरबोर्डवर वायफाय नाही, म्हणून इतकी वर्षं एक नखाएवढा यूएसबी डोंगल वापरत होतात. घरी फायबर आलं, तो डोंगल त्या स्पीडला पुरेना, म्हणून दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही वायफायला जोडणारा), अँटेनावाला नवा घेतलात. जुना तसाच मागच्या पोर्टात राहिला. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, कधी दोन्ही दिसतात, कधी नव्यावर पिवळा त्रिकोण आणि कोड १० असतो, कधी तर काहीच दिसत नाही. नव्याचा ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकला की रात्रीपर्यंत नेट व्यवस्थित चालतं आणि सकाळी मशीन चालू केली की परत तेच. मधे एक ‘ड्रायव्हर अपडेटर’ही टाकून झाला. मुलीचे कॉलेजचे फॉर्म आणि आंब्याच्या पेट्यांची बिलं याच मशीनवर आहेत, आणि ज्यांना दाखवलंत ते म्हणाले, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट ‘रात्री चालतं, सकाळी नाही’ ही आहे. रात्री आणि सकाळी यांच्यामध्ये मशीनचं काय होतं, ते शोधलं की उत्तर सापडतं. फॉरमॅट केलात तर हा माग पुसला जाईल, दोन दिवस बरं वाटेल, आणि विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर परत आणून बसवू शकेल. मी कुडाळात संगणक दुरुस्ती करतो. अशी मशीन आली की गिऱ्हाईक ठरलेलं वाक्य बोलतं, ‘काल रात्रीपर्यंत चलत होतां, सकाळी बघतंय तर नाय.’ त्यावर माझा पहिला प्रश्न असतो: मशीन बंद कशी केलीत, आणि रीस्टार्ट दिल्यावर काय होतं?

तुमच्या बाबतीत तीन शक्यता मला दिसतात. एक, विंडोजने रात्री गुपचूप ड्रायव्हर बदलला. दोन, ‘फास्ट स्टार्टअप’मुळे डोंगल सकाळी नीट जागाच होत नाही. तीन, पोर्टाचा किंवा डोंगलचा संपर्क खराब आहे, जे आपल्या किनाऱ्यावर फार होतं. या तिघांचा मागमूस वेगवेगळा असतो, त्यामुळे काहीही न उचकटता आधी ओळखता येतं. उद्या सकाळी नेट गेलं की हात लावण्याआधी थोडं निरीक्षण करा.

आधी स्टार्ट बटणावर उजवी क्लिक देऊन डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये नव्या डोंगलवर डबल क्लिक करा आणि ‘ड्रायव्हर’ टॅबमधली तारीख आणि आवृत्ती लिहून घ्या. रात्री चालू असतानाची तारीख आणि आवृत्तीही आदल्या दिवशी लिहून ठेवा. आकडे बदलले असतील तर चोर सापडला, विंडोजने ड्रायव्हर बदललाय. त्याच खिडकीत ‘इव्हेंट्स’ टॅब असतो. तो फारसं कोणी उघडत नाही, पण त्यात त्या उपकरणाचा दिवसावार हिशेब असतो: अमुक तारखेला, अमुक वेळेला ड्रायव्हर बसवला, उपकरण सुरू झालं, सुरू होऊ शकलं नाही. ओळीत ‘ओईएम’ हा शब्द आणि पुढे एखादा आकडा दिसेल, ते विंडोजने त्या ड्रायव्हरला दिलेलं नाव. काल संध्याकाळच्या ओळीत ओईएम १२ आणि आज पहाटेच्या ओळीत ओईएम ३१ असं असेल, तर आणखी पुरावा लागत नाही.

आकडे तेच असतील तर फक्त ‘रीस्टार्ट’ द्या. ‘शट डाउन’ करून परत चालू नका करू, स्टार्टमधला रीस्टार्टच द्या. त्याने नेट आलं तर संशय फास्ट स्टार्टअपवर. रीस्टार्टनेही नाही आलं, पण डोंगल काढून दुसऱ्या पोर्टात लावल्यावर आलं, किंवा जरा हलवल्यावर आलं, तर ड्रायव्हरचा विषय बाजूला ठेवा आणि संपर्क बघा.

तुमच्यासारख्या ठिकाणी आणखी एक खूण मिळते. लाइट अचानक जाऊन मशीन बंद पडली, आणि लाइट आल्यावर चालू केली, तर त्या वेळी वायफाय मिळतं का? युपीएस किंवा इन्व्हर्टरवर मशीन नसेल तर हा अनुभव तुम्हाला आलाच असेल. अशा वेळी नेट हमखास मिळत असेल तर माझा कौल फास्ट स्टार्टअपकडे. कारण सांगतो. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि चालू असलेले ड्रायव्हर जसेच्या तसे हार्ड डिस्कवर साठवले जातात आणि सकाळी तिथूनच परत मेमरीत येतात. म्हणून मशीन लवकर सुरू होते. रीस्टार्ट दिला किंवा लाइट गेली, तर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ड्रायव्हर जर झोपेतून उठण्याच्या बाबतीत कच्चा असेल, आणि स्वस्त डोंगलचे बरेच ड्रायव्हर तसे असतात, तर तो रोज सकाळी कालच्या अवस्थेत उठतो आणि डोंगलशी त्याचं जुळत नाही. त्यात भर म्हणजे अनेक मदरबोर्ड मशीन बंद असतानाही यूएसबी पोर्टाला वीज देत राहतात. त्यामुळे डोंगल रात्रभर अर्धवट जागाच राहतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तरच तो खरा बंद होतो.

हे बंद करायला कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे डाव्या बाजूला ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची निळी ओळ ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढा. मशीन सुरू व्हायला थोडा वेळ जास्त घेईल. जुन्या मशीनवर मी ही सोय सरसकट बंदच ठेवतो.

आता मूळ गोष्ट, ड्रायव्हरची. लोक म्हणतात दोन ड्रायव्हर एकमेकांशी भांडतात. कधीकधी खरंच तसं होतं, पण बहुतेक वेळा घडतं ते वेगळंच. तुम्ही आजवर जो जो ड्रायव्हर टाकलात, त्याची एक प्रत विंडोज स्वतःच्या साठ्यात ठेवतं. ‘अनइन्स्टॉल’ केलं की तो वापरातून निघतो, पण माळ्यावर टाकलेल्या सामानासारखा घरातच असतो. पुढच्या वेळी डोंगल दिसला की विंडोज त्या साठ्यातून आणि अपडेटमधून मिळालेल्यांतून एक निवडतं. निवडीचा क्रम ठरलेला आहे: खात्रीची डिजिटल सही असलेला ड्रायव्हर आधी, मग उपकरणाच्या ओळख क्रमांकाशी कोणाचा जास्त नेमका मेळ बसतो ते, आणि तिथेही बरोबरी झाली तर ज्याची तारीख नवी तो, मग ज्याची आवृत्ती मोठी तो. तुमच्या डोंगलवर कोणता चांगला चालतो, हे या निवडीत कुठेच नाही. म्हणून तुम्ही कंपनीचा, नीट चालणारा ड्रायव्हर टाकता, आणि त्याच चिपसाठीचा नव्या तारखेचा दुसरा त्याला बाजूला सारून बसतो. तुम्ही म्हणता ‘बिघडलं’, विंडोजच्या हिशेबी त्याने सुधारणा केलेली असते.

यावर इलाज एकच: चिप नक्की ओळखायची, साठ्यातले बाकीचे काढायचे, एकच योग्य ड्रायव्हर ठेवायचा आणि विंडोजला तो बदलू द्यायचा नाही. सगळा वेळ चिप ओळखण्यावर घालवलात तरी चालेल, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं वाया.

डोंगलच्या खोक्यावरचं नाव चिपचं नसतं. एकाच नावाच्या, एकाच मॉडेल क्रमांकाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या चिप निघतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप आहे, पुढच्या आवृत्त्यांत रिअलटेकची. बाहेरून बघाल तर सख्खी भावंडं, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. म्हणून डोंगलच्या मागच्या स्टिकरवर ‘व्ही’ आणि पुढे १, २, ३ असं काही बारीक अक्षरांत आहे का, ते भिंगातून किंवा मोबाइलने फोटो काढून मोठं करून बघा. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेताना नेमकी तीच आवृत्ती निवडायची.

खात्रीची ओळख मात्र डिव्हाइस मॅनेजर देतो. उपकरणावर डबल क्लिक, ‘डिटेल्स’ टॅब, वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ येईल, त्यात व्हीआयडी आणि पीआयडी या प्रत्येकापुढे चार-चार अक्षरं असतात. व्हीआयडी म्हणजे बनवणारा, पीआयडी म्हणजे ती वस्तू. व्हीआयडी जर ‘०बीडीए’ असेल तर रिअलटेक, ‘१४८एफ’ असेल तर रॅलिंक, ‘०सीएफ३’ असेल तर अथेरॉस. २०११ साली रॅलिंक मीडियाटेककडे गेली आणि अथेरॉस क्वालकॉमकडे, त्यामुळे जुन्या डोंगलच्या ड्रायव्हरवर यातलं कुठलंही नाव दिसलं तर गोंधळू नका. कधीकधी तिथे चिपवाल्याचा नाही, डोंगल विकणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो. तेव्हा व्हीआयडी आणि पीआयडी दोन्ही मिळून शोधा, चिपचं नाव निघतंच.

इथे एक फसवी गोष्ट तुमच्या नव्या डोंगलला लागू असू शकते. हल्लीचे बरेच डोंगल लावल्या लावल्या वायफाय म्हणून नाही, तर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. आतल्या छोट्या मेमरीत ड्रायव्हर भरलेला असतो. तो बसवला की सोबतचा एक छोटा प्रोग्रॅम डोंगलला वायफायच्या रूपात पलटवतो. तो प्रोग्रॅम उडाला, किंवा वेळेवर चालला नाही, की डोंगल सीडीच राहतो, आणि नेटवर्क अडॅप्टर्समध्ये ‘काहीच दिसत नाही’. रिअलटेकच्या अशा डोंगलचा त्या अवस्थेतला पीआयडी बहुधा ‘१ए२बी’ असतो. तेव्हा नेट गायब असताना ‘धिस पीसी’ उघडून एखादा अनोळखी सीडी ड्राइव्ह दिसतो का बघा. दिसला तर त्यावर उजवी क्लिक करून ‘इजेक्ट’ द्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच डोंगल वायफाय बनतो. तसं झालं तर ड्रायव्हर चुकीचा नाही, पलटवणारा प्रोग्रॅम गैरहजर आहे, आणि चिपवाल्याचा पूर्ण इन्स्टॉलर टाकल्यावर ते मिटतं.

कोडचा अर्थही सांगतो, कारण सगळे पिवळे त्रिकोण सारखे नसतात. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण त्याला उपकरण सुरू करता आलं नाही. इथे चुकीचा ड्रायव्हर किंवा अर्धवट झोपलेला डोंगल, दोन्ही शक्य. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला. आणि कोड ४३ सोबत नाव जर ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि पुढे ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं असेल, तर त्या डोंगलला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलेलं नाही. नाव कळल्याशिवाय विंडोज ड्रायव्हर निवडणार तरी कसा? अशा वेळी शंभर ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. पोर्ट, वायर, वीज नाहीतर डोंगल, यांतलंच काहीतरी.

आता सफाई. त्याआधी दोन तयाऱ्या. बिलांचा आणि फॉर्मांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक ‘रीस्टोअर पॉइंट’ करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला आधीच्या स्थितीत नेता येईल. आणि योग्य ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, कारण सफाईनंतर मशीनवर वायफाय नसणार. मोबाइलवर उतरवून वायरने मशीनवर टाकला तरी चालतो. किंवा मोबाइल वायरने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. मोबाइल घरच्या वायफायला जोडलेला असला तर तेच नेट वायरीतून मशीनला मिळतं, मोबाइल डेटा लागत नाही. वाडीत रेंज नसेल तरी हे जमतं. सफाई करताना मात्र ही वायर काढलेली असू द्या, नाहीतर तुम्ही एकीकडून काढताय आणि विंडोज अपडेट दुसरीकडून आणतंय, असं होईल.

आधी ‘ॲप्स’मध्ये जाऊन तो ड्रायव्हर अपडेटर काढा. असे प्रोग्रॅम मी एकाही गिऱ्हाइकाच्या मशीनवर ठेवत नाही. ते जवळचा वाटणारा ड्रायव्हर भराभर टाकतात, आणि ‘जवळचा’ हाच तर आपला रोग आहे. मग जुन्या डोंगलसोबत आलेली वायफाय युटिलिटी असेल तर तीही काढा. यांतल्या काही युटिलिटी वायफायची सूत्रं विंडोजकडून स्वतःकडे घेतात. दोन डोंगलच्या दोन युटिलिटी असतील तर मग खरंच भांडण होतं.

नंतर दोन्ही डोंगल लावलेले असताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ आणि ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा. फिकट रंगातल्या नोंदी दिसतील, नावापुढे #२, #३ असं. कारण साधं आहे. स्वस्त डोंगलना स्वतःचा सिरियल क्रमांक नसतो, म्हणून पोर्ट बदलला की विंडोजला ते नवंच उपकरण वाटतं आणि नवी नोंद होते. तुम्ही पोर्ट बदलून बघत होतात, त्यामुळे तुमच्याकडे अशा नोंदींची रांगच असेल. फिकट झालेल्या डोंगलच्या नोंदी बेधडक काढा. पण ‘वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल अडॅप्टर’ आणि ‘वॅन मिनीपोर्ट’ नावाच्या नोंदींना हात लावू नका, त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत.

आता खऱ्या नोंदीवर उजवी क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’. जी खिडकी येते तिच्यात ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढण्याची एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. ही खूण राहून जाते आणि म्हणूनच सगळी मेहनत फुकट जाते. खूण नसेल तर फक्त नोंद जाते, साठ्यातली प्रत तशीच. मग ‘ॲक्शन’मध्ये ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ द्या. साठ्यात आणखी जुना ड्रायव्हर असेल तर तो वर येईल. तोही तसाच काढा. असं करत करत डोंगल ‘अदर डिव्हाइसेस’मध्ये ‘८०२.११एसी एनआयसी’ किंवा तत्सम कोरड्या नावाने, ड्रायव्हरशिवाय दिसायला लागला की साठा साफ झाला. खुणेची चौकटच येत नसेल तर तो विंडोजच्या पोटातला ड्रायव्हर आहे. तो निघत नाही, तिथे थांबा. सफाईत काही चिवट उरलंच तर विंडोजच्या ‘पीएनपीयूटिल’ या आदेशाने साठ्याची पूर्ण यादी काढून ओईएम क्रमांकानुसार एकेक काढता येतो. पण क्रमांक चुकला तर प्रिंटर किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जाईल, म्हणून सवय नसेल तर ते जाणकाराकडून करून घ्या.

जुना डोंगल आता मशीनमधून काढा आणि ड्रॉवरमध्ये ठेवा. तो टाकू नका, कधी अडला तर उपयोगी पडेल. फक्त दोन्ही एकत्र लावून ठेवू नका. लॅपटॉपवाल्यांना हेच करायचं असेल तर आतलं कार्ड सहज काढता येत नाही, तेव्हा ते ‘डिसेबल’ करा. अनइन्स्टॉल केलंत तर पुढच्या रीस्टार्टला परत येईल.

मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. मग चालू करून नवा डोंगल मागच्या पोर्टात लावा आणि उतरवलेला एकच ड्रायव्हर बसवा. रीस्टार्ट द्या, आवृत्ती लिहून घ्या. आता विंडोजने तो बदलू नये म्हणून कंट्रोल पॅनेल, ‘सिस्टिम’, ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, ‘हार्डवेअर’ टॅब, ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ निवडा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतही (विंडोजचे नियम ठरवण्याची जागा) अपडेटसोबत ड्रायव्हर न घेण्याची सोय आहे, ती जास्त पक्की. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नसते. याचा तोटा असा की ग्राफिक्स, प्रिंटर वगैरेंचे ड्रायव्हरही आपोआप येणार नाहीत, ते हाताने बघावे लागतील. घरच्या जुन्या, स्थिर मशीनला मला हा तोटा परवडण्यासारखा वाटतो. नव्या लॅपटॉपवर मी असं करत नाही.

थोडक्यात, इथवर क्रम असा झाला: सकाळचं निरीक्षण, फास्ट स्टार्टअप बंद, चिपची ओळख, सफाई, एकच ड्रायव्हर, आणि त्याला कुलूप. प्रत्येक बदलानंतर एक रात्र जाऊ द्या. तुमचं लक्षण सकाळचं आहे, त्यामुळे सकाळीच निकाल लागणार. सगळं एकाच दिवशी केलंत आणि बरं झालं, तर नेमकं कशाने झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी परत सगळं करावं लागेल.

आता खाऱ्या वाऱ्याबद्दल. पुण्या-मुंबईच्या लेखांमध्ये हे तुम्हाला वाचायला मिळणार नाही, पण समुद्रापासून थोड्या अंतरावरच्या घरांतून येणाऱ्या मशीनमध्ये मी आधी हेच बघतो. कॅबिनेट मागून उघड्यासारखं असतं, आणि हवेतला खारा ओलावा पोर्टांच्या पत्र्यावर बसतो. टॉर्च मारून पोर्टाच्या आत बघा. चार बारीक पितळी पट्ट्या चकचकीत दिसल्या पाहिजेत. त्यांवर हिरवट किंवा पांढरट भुकटी असेल, पट्टी काळपट असेल, तर संपर्क कच्चा आहे. रात्री मशीन तापलेली असताना तो कसाबसा टिकतो. पावसाळ्यातल्या सकाळी, मशीन थंड आणि दमट असताना, सुटतो. म्हणजे लक्षण अगदी ड्रायव्हरसारखंच, ‘रात्री चालतं, सकाळी नाही’. जून ते सप्टेंबर तक्रार जास्त आणि उन्हाळ्यात कमी, असं तुमच्याकडे असेल तर मला ते नक्की सांगा.

सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. भिंतीवरचं बटण बंद करून, मऊ ब्रश किंवा काडीला गुंडाळलेल्या कापडाने डोंगलचा प्लग आणि पोर्टाच्या पट्ट्या हलक्या हाताने पुसा, आणि पूर्ण सुकू द्या. पाणी, अत्तर, रॉकेल काही वापरू नका. आतमध्ये बसवायचं वायफाय कार्ड असेल तर त्याची सोनेरी दातेरी कड साध्या खोडरबराने घासली तरी स्वच्छ होते. कॅबिनेटवर प्लॅस्टिकचा कागद झाकून ठेवू नका, आतला ओलावा आतच राहतो. पावसाळ्यात मशीन वापरत नसलात तरी रोज थोडा वेळ चालू ठेवा. तिच्या स्वतःच्या उष्णतेने ती सुकते.

पोर्ट निवडतानाही विचार करा. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आत एका बारीक वायरीने जोडलेले असतात, अँटेनावाल्या डोंगलला तिथे वीज अपुरी पडू शकते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, यूएसबी ३ चा निळा पोर्ट ९०० पर्यंत. मग निळाच चांगला असं वाटेल, पण यूएसबी ३ च्या पोर्टातून आणि वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. म्हणून डोंगल राउटरला २.४ वर जोडलेला असेल आणि शेजारच्या निळ्या पोर्टात पोर्टेबल हार्ड डिस्क असेल, तर फाइल कॉपी करताना नेट तुटतं. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरीने कॅबिनेटपासून लांब, उंचावर ठेवा. दोन्ही प्रश्न बरेच सुटतात.

आणि सिग्नल. तुम्ही लिहिलंय राउटर ओटीवर आणि मशीन माजघरात. मधली भिंत जांभ्या दगडाची असणार. तिच्यातून ५ गिगाहर्ट्झ फार कमी जातो, २.४ बऱ्यापैकी जातो. नव्या डोंगलला दोन्ही बँड दिसतात आणि तो ५ ला चिकटायचा प्रयत्न करतो, तुटतो, परत जोडतो. पण अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येत नाही. त्रिकोण नसताना नेट तुटत असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. राउटरमध्ये दोन बँडना वेगवेगळी नावं द्या आणि माजघरातून २.४ लाच जोडा. राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ वर (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवला असेल तर जुना डोंगल त्याला जोडणारच नाही, डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवा.

फॉरमॅट कधी करावा, हेही सांगतो. लाइट वारंवार जाऊन विंडोजच्या फाइलीच खराब झाल्या असतील, म्हणजे वायफायशिवाय इतर गोष्टीही अडखळत असतील, विंडोजच्याच ‘सिस्टिम फाइल चेकर’ या दुरुस्तीच्या सोयीनेही त्या दुरुस्त होत नसतील, तर करावा. शिवाय विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे कधीतरी तुम्हाला पुढचा विचार करावाच लागेल. तेव्हा नवी विंडोज टाकण्याआधी या डोंगलच्या चिपसाठी तिचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का, ते बघून मगच पुढे जा. पण ते घाईने आणि बिलांचा बॅकअप न घेता करण्याचं काम नव्हे.

एक शेवटची चाचणी सगळ्यात सोपी आहे, आणि वाडीत कोणाकडे लॅपटॉप असेल तर आजच करून टाका: नवा डोंगल तिथे लावून एक दिवस चालवा. तिथेही कोड ४३ आला किंवा तो आपोआप सुटला, तर डोंगलच गेला आहे, वॉरंटीत बदलून घ्या. तिथे नीट चालला तर वर लिहिलेलं करा. तरीही अडलं तर मला चार गोष्टी लिहून पाठवा: हार्डवेअर आयडीची पूर्ण ओळ, नेट चालू असतानाची आणि गेल्यानंतरची ड्रायव्हर आवृत्ती, इव्हेंट्स टॅबमधल्या शेवटच्या काही ओळी, आणि रीस्टार्टने फरक पडतो की नाही. एवढं हातात असलं की पुढचं नेमकं सांगता येईल.